स्टोअरचे वरचे कप्पे

आमच्या स्टोअरकीपरांइतका खांद्याच्या खाली जगलेला माणूस अख्ख्या नाशकात दुसरा झाला नसेल. सातपूरच्या त्या कारखान्यात मी एक्क्याण्णव साली चिकटलो, तेव्हा हे शेजारच्या टेबलावर बसायचे. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की स्टोअरचे वरचे सगळे कप्पे रिकामे आहेत. बेअरिंगपासून हातमोज्यांपर्यंत सगळा माल कमरेच्या आसपास. जागा पुरेना तेव्हा त्यांनी खोकी जमिनीवर मांडली, पण हात काही वर नेला नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी कारण विचारलं तर म्हणाले, "वर ठेवलेलं विसरलं जातं, साहेब." साहेबांना हा विचार इतका पटला, की त्यांनी आणखी दोन खात्यांचे वरचे कप्पे रिकामे करायला लावले.

बसमध्ये वरचा दांडा धरावा लागतो म्हणून हे सिडकोहून सायकलने येत. भर मे महिन्यातही शर्टावर निळं जाकीट असायचंच. युनियनच्या सभेत हात वर करून मत द्यायची वेळ आली की यांना नेमकी तहान लागे, त्यामुळे दोन्ही गट त्यांना आपलाच माणूस समजत. कॅन्टीनमध्ये एक खुर्ची सोडून बसत. लग्न का केलं नाही असं विचारलं तर म्हणायचे, "हार घालायला हात उचलावे लागतात." आम्ही पोट धरून हसायचो. हा माणूस अक्षरशः खरं सांगतोय, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग त्यांच्या भाचीचं लग्न ठरलं. एकुलती बहीण नामपूरला दिलेली, तिची ही एकुलती लेक. अंतरपाट माझ्या मामानेच धरायचा, असा तिने हट्ट धरला. मंगलाष्टकं संपेपर्यंत दोन्ही हात वर, चारशे माणसांसमोर! एका दुपारी त्यांनी मला कपाटांमागे नेलं आणि मान खाली घालून सांगितलं. काखेतला घाम. थंडी असो की ऊन, शर्टावर हाताएवढा ओला डाग, तोही कॉलेजात असल्यापासून. तुरटी झाली, पावडरी झाल्या. आता एक डॉक्टर काखेतल्या घामाच्या ग्रंथी कापून काढणार होते. बहिणीला पुण्यात ट्रेनिंग आहे म्हणून सांगितलेलं, तेव्हा सोबतीला मीच. दवाखान्याच्या फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' या रकान्यात त्यांनी जरा विचार करून 'शेजारचं टेबल' असं लिहिलं. टाके घातल्यावर डॉक्टरांनी बजावलं, की महिनाभर हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. हे शांतपणे म्हणाले, "तीस वर्षांचा सराव आहे."

तीन महिन्यांनी नामपूरला लग्न लागलं. तिकडच्या सहा नातेवाइकांनी आपापली मंगलाष्टकं रचून आणली होती आणि एकही जण एक कडवं सोडायला तयार नव्हता. अंतरपाटाचं दुसरं टोक धरणारा माणूस दोनदा बदलला, हे जागचे हलले नाहीत. जाकीट नव्हतं. पांढरा सदरा, कोरडा ठणठणीत. शेवटच्या अक्षता पडल्या, गुरुजींनी अंतरपाट ओढून घेतला, लोक जेवणाकडे वळले, तरी यांचे हात वरच. शेवटी एक म्हातारे पाहुणे जवळ येऊन हळूच म्हणाले, "मामा, लगीन लागनं. आते हात खाले करा."

परतीची एसटी निम्मी रिकामी होती. मी तिघांच्या बाकावर खिडकीशी बसलो, तर हे दोन्ही हातांनी वरचा दांडा धरून उभे. सटाणा येईपर्यंत तसेच. मग वाकून त्यांनी विचारलं, "खरं सांग, तुम्हा सगळ्यांना इतकी वर्षं वास यायचा ना?"

मी खरं तेच सांगितलं. "नाही हो, कधीच नाही. आम्हाला काही माहीतच नव्हतं."

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. खिडकीबाहेरच्या कांद्याच्या चाळींकडे बघत त्यांनी दांडा सोडला. "म्हणजे उगाचच," एवढंच म्हणाले, आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला बसले, मधली जागा सोडून. त्या वेळी मी सरकलो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. पण इतक्या वर्षांत ती सवय मलाही लागली होती. नाशिक येईपर्यंत ती जागा तशीच राहिली.