तीन पितळी स्क्रू

"हात लावू नका" असं मला कुणी म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लहानपणापासूनची खोड आहे ही, आता पंचेचाळिशीत कुठं जाणार? आणि इथं तर हात लावू नका म्हणत होते ते माझ्याच प्रयोगशाळेतल्या दुर्बिणीला.

मी सोलापूरच्या पूर्व भागात मुलींच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या मुलींच्या आया टॉवेलांना शिलाई मारतात नाहीतर बिड्या वळतात. कुणा देणगीदारानं या शाळेला एक दुर्बीण दिली. अडीच फुटांची जाड नळी आणि तिच्या तळाशी सहा इंची आरसा. हा आरसा नळीत अगदी सरळ बसायला लागतो. केसभर कलला तरी चांदणीला शेपूट फुटतं. तो सरळ करायला मागं तीन स्क्रू असतात, आणि आमच्या दुर्बिणीचं सगळं दुखणं त्या तीन स्क्रूंतच होतं. डोकी मुगाच्या दाण्याएवढी. डोळा पुढं भिंगाला लावायचा, हात मागं न्यायचा आणि न बघता पेचकसानं स्क्रूची खाच शोधायची! खाच सापडेपर्यंत दुर्बीण हलते, चांदणी पळून जाते. त्यात आतल्या स्प्रिंगा इतक्या मऊ की रिक्षातनं सात रस्ता चौकापर्यंत नेली तरी आरसा कललेला असायचा.

आणि न्यावी तर लागायचीच. आमच्या संस्थेची दुसरी शाळा, इंग्रजी माध्यमाची, सात रस्त्याजवळ आहे. विज्ञान दिनाचा कार्यक्रम दरवर्षी तिच्या गच्चीवर होतो, कारण पाहुण्यांना आमच्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही. गेल्या वर्षी मी पाहुण्यांना गुरू दाखवला. त्या गुरूला हे एवढं शेपूट! संस्थेचे सेक्रेटरी डोळा लावून म्हणाले, "मॅडम, हा गुरू आहे का धूमकेतू?" सगळी गच्ची हसली. मी पेचकस घेऊन मागं चाचपडत बसले आणि तोवर पाहुणे जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी मला बोलावून घेतलं. "पुढच्या वर्षी असं झालं तर ती दुर्बीण मी स्टोअरला कुलपात टाकणार. उगाच शोभा नको."

"सर, ते मागचे स्क्रू बदलले की होईल."

"हात लावायचा नाही. डेडस्टॉक रजिस्टरात जे लिहिलंय तेच वस्तूला असलं पाहिजे. उद्या ऑडिटला मी काय सांगू?"

डेडस्टॉक रजिस्टर म्हणजे शाळेच्या मालकीच्या वस्तूंची जाडजूड वही. मी लगेच जाऊन ती उघडून बघितली. खरंच लिहिलेलं होतं: नळी एक, आरसा एक, स्टँड एक, मूळ स्क्रू नग तीन. बरं बाबा, म्हटलं. यंदाचा विज्ञान दिन आठवड्यावर आला तशी एका संध्याकाळी मी दुर्बीण रिक्षात घातली आणि घरी घेऊन गेले. माझ्या मुलींनी शनीचं कडं पुस्तकात बघायचं आणि खरी दुर्बीण कुलपात सडायची? जमणार नाही.

घरी माझे वडील असतात, नान्ना. आमच्या घरात तेलुगू, म्हणून वडील ते नान्ना आणि लाडाची लेक ती अम्मा; गल्लीत मराठी. नान्नांनी अख्खी हयात पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर म्हणून काढली. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो चालू करून देणारा माणूस. त्यांनी दुर्बिणीच्या बुडाकडं बघितलं, स्क्रूवर अंगठा ठेवला आणि हसायलाच लागले.

"ह्याला स्क्रू म्हनत्यात व्हय? आमच्या मागावर असला स्क्रू लावला असता तर मालकानं हाकलून दिलं असतं की!"

पलंगाखालनं त्यांचा बिस्किटाचा डबा निघाला. त्यात मागाच्या स्प्रिंगा: लांब, आखूड, कडक, मऊ. प्रत्येक स्प्रिंग दोन बोटांत दाबून बघत त्यांनी एकसारख्या तीन निवडल्या. मग नमुन्याचा जुना स्क्रू खिशात घालून ते त्यांच्या ओळखीच्या लेथवाल्या चाचांकडं गेले. चाचांनी त्याच आट्यांचे तीन पितळी स्क्रू बनवले, पण डोकी चांगली लिंबाएवढी, कडेनं खाचा पाडलेली, बोट घसरू नये म्हणून. त्यांनी निरोप धाडला, "बेटी को बोलो, चांद हमकू भी दिखाना." मी लगेच कबूल केलं.

स्क्रू नान्नांनीच बसवले. मला हात लावू दिला नाही, म्हणजे घरातही तेच! गोळ्यांच्या डबीच्या झाकणाला बारीक भोक पाडलं, ते भिंगाच्या जागी बसवलं आणि त्यातनं बघत मी आरसा सरळ केला. एक हात मागं, डोळा पुढं, पेचकस नाही, चाचपडणं नाही. पितळी डोकं बोटांनी जरासं फिरवलं की आरशाच्या मधला ठिपका सरकत सरकत जागेवर. मला इतका आनंद झाला की मी घराच्या गच्चीवर ओरडलेच.

पण अंधार पडल्यावर चांदणीकडं दुर्बीण लावली आणि माझा चेहराच उतरला. चांदणी तीन कोपऱ्यांची! शेपूट गेलं, पण गोल ठिपक्याच्या जागी तिकोनी फरसाणाचा तुकडा दिसावा तसं. पुन्हा सरळ केलं, पुन्हा तेच. कार्यक्रम दोन दिवसांवर आलेला. मला रडू फुटायचं बाकी होतं.

मग डोक्यात आलं. मी विचारलं, "नान्ना, आरसा धरून ठेवणाऱ्या त्या तीन पट्ट्या, त्यांना हात लावला का तुम्ही?"

"आवळल्या की. चांगल्या गच्च."

"गच्च का?"

"अम्मा, सैल ठिऊन मशीन चालतं का कुटं? हादऱ्यानं समदं निघून येतंय. जे दिसंल ते आवळायचं."

जॉबरच तो. आयुष्यभर खडखडणाऱ्या मागांपाशी उभा राहिलेला माणूस, सैल दिसलं की त्याचा हात आपोआप पान्याकडं जाणार. आणि मी मात्र त्यांच्यावर ओरडले. "हे मशीन नाही हो, आरसा आहे! त्याला तीन ठिकाणी चिमटे काढलेत तुम्ही, म्हणून चांदणीला तीन कोपरे आलेत! कुणी सांगितलं होतं जास्तीचा हात लावायला?"

वाक्य तोंडातनं गेलं आणि माझं मलाच लागलं. सेक्रेटरींचं बोलणं मी माझ्या बापाला ऐकवत होते. नान्ना उठून आले, मोतीबिंदू काढलेला डोळा भिंगाला लावला आणि बराच वेळ बघत राहिले.

"व्हय," ते म्हणाले, "तीन कोपरं हायेत. किती ढिलं करायचं सांग."

"पट्टी आणि आरसा यांच्यामधनं पोस्टकार्ड सरकलं पाहिजे."

पोस्टकार्ड आता कुठलं घरात, लग्नाची जुनी पत्रिका फाडली. नान्नांनी तिचा तुकडा तिन्ही पट्ट्यांखालनं सरकवून बघितला. सैल ठेवताना त्यांच्या जिवावर आलेलं मला दिसत होतं. अर्ध्या तासानं चांदणी टाचणीच्या टोकाएवढी झाली, गोल, लख्ख. नान्ना बघून म्हणाले, "लई बारीक हाय," आणि बाजूला झाले. मी त्यांची माफी मागितली नाही, जमलंच नाही. अजून सलतं ते.

विज्ञान दिनाला रिक्षानं सगळे स्पीडब्रेकर इमानेइतबारे मोजले. गच्चीवर दुर्बीण लावली, गुरूला थोडं शेपूट होतंच. सेक्रेटरी पाहुण्यांना घेऊन मागंच उभे. मी डोळा लावला, डावा हात मागं नेला आणि एक डोकं जरा फिरवलं, दुसरं जरा. शेपूट गेलं. वाटोळा गुरू, त्यावर दोन पट्टे आणि बाजूला ओळीत चार चंद्र. पाहुण्या बाई भिंगापासून हलेनात. सेक्रेटरींनीही बघितलं, "अरे वा" म्हणाले आणि मग त्यांची नजर मागं पितळेवर गेली.

"हे काय? परवानगी कुणाची?"

"कुणाचीच नाही, सर."

ते पाहुण्यांना घेऊन जेवायला वळले. मला वाटलं, जिंकले मी. कसली! आठवड्यानं पत्र आलं: दुर्बीण आता सुस्थितीत असल्याने ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेकडे वर्ग करण्यात येत आहे. बिघडलेली होती तोवर आमची, चालायला लागली की त्यांची! मी ते पत्र दोनदा वाचलं. नंतर रजिस्टर काढलं, टेबलावर उघडं ठेवलं आणि कामाला लागले.

सेक्रेटरी स्वतः गाडी घेऊन आले. दुर्बीण तयार होती. त्यांनी मागं वाकून बघितलं. मुगाच्या दाण्याएवढे स्क्रू.

"मॅडम, ते पितळी कुठं गेले?"

"रजिस्टरात नाहीत ते, सर. हे बघा: मूळ स्क्रू नग तीन. रजिस्टरात आहे तेवढं सगळं दिलंय."

"तुम्ही चेष्टा करताय माझी?"

"नाही सर. तुम्हीच म्हणाला होता, जे लिहिलंय तेच असलं पाहिजे."

"मग देणगी म्हणून नोंद करून टाका त्यांची!"

"ते स्क्रू माझ्या वडिलांचे आहेत. द्यायचे का नाही ते ठरवतील. घर जवळच आहे, चला, विचारू. नाहीतर त्या शाळेतली मुलं इकडं पाठवा, मी आमच्या मुलींच्या रांगेत उभी करून त्यांनाही गुरू दाखवते."

मी पेचकस पुढं केला. त्यांनी तो घेतला, डोळा पुढं लावून हात मागं नेला आणि खाच शोधायला लागले. दारात आमच्या मुली उभ्या होत्या, एकही हसली नाही, तशी ताकीदच होती. दोन मिनिटांनी त्यांनी पेचकस टेबलावर ठेवला आणि निघून गेले. दुर्बीण न घेता.

त्या संध्याकाळी शाळेच्या अंगणात लेथवाले चाचा पहिल्यांदा चंद्र बघायला आले. पितळी स्क्रू नान्नांनी स्वतः लावले आणि पट्ट्यांखालनं पत्रिकेचा तुकडा सरकवून बघितला, मी न सांगता.

वर्ग करण्याचं ते पत्र अजून रद्द झालेलं नाही. मूळ स्क्रू नग तीन मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटाच्या दाराला टांगून ठेवलेत. दुर्बीण न्यायला कुणीही, केव्हाही यावं. स्क्रू बदलायला मला दहा मिनिटं लागतात.