त्याच शाळेत मतदान

आणीबाणीत ह्यांना भाईंदर स्टेशनाबाहेरून धरून नेलं आणि शाळेच्या खोलीत नसबंदी केली. तेव्हा पोर पोटात होती. पुढे मतदान आलं ते त्याच शाळेत. हे म्हणाले, "मी तिथे पाय ठेवणार नाही." मी पोरीला कडेवर घेऊन धावतच गेले, थांबले असते तर माघारी फिरले असते.

खोलीत स्पिरिटचा वास येत होता, की मलाच येत होता, कोण जाणे. टेबलावरच्या माणसाने विचारलं, "नवऱ्याचं नाव?" आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि इथे तर तोंडच उघडेना. इथेच एकदा लिहून घेतलं होतं ना ते नाव. मागून शेजारची कोळीण ओरडली, "मी सांगते, लिवा! अगं, घाबरतेस कशाला, आत कोन बघाला न्हाय!"

खरंच कोणी नव्हतं. पुठ्ठ्याच्या आडोशाला मी आणि पोर. शिक्का मला हवा तिथेच मारला.

घरी आले तर हे दारातच उभे. "कुणाला दिलं, विचारलं का?"

"कोणीच नाही विचारलं."

हे चपला शोधायला लागले. "मी जाऊन येतो."

"शाळेच्या दारापर्यंत मी येते," मी म्हटलं.