हळद लागलेली डबी

काही प्रकरणं पोलिसाच्या रक्तात भिनतात, असं आमच्या खात्यात निरोपसमारंभाच्या भाषणांत सांगतात. माझ्या रक्तात डॉक्टरांना आजवर साखरेखेरीज काही सापडलेलं नाही. तरीही दसऱ्यानंतरचा तो शनिवार मी विसरलेलो नाही.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो, म्हणजे इकडच्या भाषेत टीआय. सकाळची हजेरी संपली होती, रात्रपाळीचे शिपाई रोजनाम्यात परतीची नोंद करून घरी निघाले होते. तेवढ्यात एक बाई आल्या आणि पहारेकऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनसाठी आले आहे." माझ्या खोलीत शिरून त्यांनी दार लोटलं.

"सर, पासपोर्ट वगैरे काही नाही. माझ्या नवऱ्याला उचललंय."

बाई एका शाळेत फिजिक्स शिकवायच्या. सासर माधवगंजात. नवरा सॉफ्टवेअर इंजिनियर, काम घरूनच. आदल्या दुपारी चष्मा दुरुस्त करायला बाहेर पडला तो परतला नव्हता. सकाळी त्याच्याच नंबरवरून सासऱ्यांच्या फोनवर संदेश आला: "हल्दी-कुमकुम वाली डिबिया शाम तक चाहिए। जगह बाद में बताएँगे। पुलिस के पास गए तो लड़का नहीं मिलेगा।"

"डिबिया म्हणजे?"

त्यांनी पर्समधून रुमाल काढून उलगडला. आत अंगठ्याएवढी काळी वस्तू, छोटा पडदा, दोन बटणं. मला ती पेन ड्राइव्हच वाटली.

"हार्डवेअर वॉलेट. ह्यांची सगळी क्रिप्टो याच्यावर आहे."

"म्हणजे पैसे यात आहेत?"

"पैसे यात नसतात, सर. ते नेटवर्कवरच असतात. ही फक्त किल्ली. इंटरनेटला किल्ली दिसू नये म्हणून वेगळी डबी." मग वर्गात समजावतात तशा शांतपणे त्यांनी पुढचं सांगितलं. डबी पिन टाकल्याशिवाय उघडत नाही. पिन तीनदा चुकला की ती स्वतःला पुसून कोरी होते. पण त्याने काही बुडत नाही, कारण सुरुवातीलाच तिने चोवीस शब्द दिलेले असतात. ते शब्द ओळीने घातले की कोऱ्या किंवा नव्या डबीत सगळं परत येतं. नवऱ्याने ते शब्द एका स्टीलच्या पट्टीवर ठोकून घेतले होते आणि पट्टी सागरला बाईंच्या भावाकडे ठेवली होती. हे सासऱ्यांनाही माहीत नव्हतं.

"सर, त्यांनी पिन मागितला नाही," बाई म्हणाल्या.

न मागण्याचा अर्थ दोघांनाही कळला. पिन फक्त नवरा-बायकोला ठाऊक होता. आता तो तिसऱ्या माणसालाही ठाऊक होता, आणि नवऱ्याने तो हसत-खेळत सांगितला नसणार.

"दुसरं म्हणजे," त्या म्हणाल्या, "ज्याला यातलं खरंच कळतं तो डबी मागणार नाही. तो शब्द मागेल. शब्द मिळाले तर डबी लागतच नाही."

माझ्याकडे तिसरी शंका होती. हातातली डबी लख्ख होती. "हळद कुठे आहे?"

बाईंनी कपाळावर हात मारला. मग खंडेनवमीची हकीकत बाहेर आली.

हे घराणं मूळचं शिपाईगड्यांचं, फौजेबरोबर दख्खनेतून आलेलं. आता त्या घरात भाजीच्या सुरीपेक्षा धारदार काही कोणी चालवत नाही, पण पणजोबांची तलवार दरवर्षी नवमीला निघते. सासऱ्यांचा नियम असा की ज्याने त्याने आपल्या पोटापाण्याचं हत्यार तलवारीशेजारी मांडायचं. सुनेने व्हर्नियर कॅलिपर ठेवला, मुलाने लॅपटॉप. सासऱ्यांचं तेवढ्यावर समाधान झालं नाही. त्यांनी मुलाच्या खणातून डबी काढली, तिला हळदकुंकू वाहिलं, फोटो काढला आणि समस्त खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: "चिरंजीवांची डिजिटल तिजोरी. जय भवानी!" मुलाने त्याच संध्याकाळी डबी पुसली, बापलेकांचं वाजलं. पण तोवर ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याच्या नातेवाइकांचे हात जोडून झाले होते.

जी वस्तू सगळ्या जगाच्या इंटरनेटपासून लपवण्यासाठी बनवलेली, तिची जाहिरात करायला एक अभिमानी बाप पुरला.

"फोटोनंतर कोणी येऊन चौकशी केली?"

"जावईबापूंनी. मोठ्या चुलत सासऱ्यांचे जावई. दसऱ्याला सोनं द्यायला आले होते, कितीतरी वर्षांनी. बाबांनी त्यांना सगळं समजावलं. पिन असतो, तीनदा चुकला की पुसलं जातं. बाबांना तेवढंच माहीत आहे, कारण त्यांनी हात लावू नये म्हणून ह्यांनी तेवढंच सांगितलं होतं."

नोकरीत एक गोष्ट शिकलो होतो: आपट्याची पानं द्यायला वर्षांनी उगवलेला माणूस बहुधा काहीतरी घ्यायला आलेला असतो.

"हे जावईबापू आत्ता कुठे आहेत?"

"घरीच. सकाळपासून बाबांना धीर देतायत."

मी बाईंची फिर्याद नोंदवून घेतली. नवऱ्याच्या फोनचं शेवटचं ठिकाण दाल बाज़ारच्या टॉवरखाली निघालं. टॉवरखाली म्हणजे अख्खा बाजार, शेकडो गोदामं. जावयाला उचललं आणि तो बोललाच नाही, तर त्याची माणसं मुलाचं काय करतील ते सांगता येत नव्हतं. डबी देऊन टाकण्यातही अर्थ नव्हता. पळवणारा घरचा असेल तर मुलाने त्याला ओळखलेलं असणार, आणि ओळखलेला माणूस साक्षीदार मागे ठेवत नाही. हे मी बाईंना स्पष्ट सांगितलं. त्या रडल्या नाहीत. "मग?" एवढंच म्हणाल्या.

मी बेत सांगितला.

"तिसऱ्यांदा चुकला तर ही कोरी होईल. सागरहून पट्टी यायला रात्र होणार. संध्याकाळी त्यांना द्यायला आपल्याकडे काहीच नसेल, सर."

"हो."

"करा."

साध्या कपड्यांत, एका हवालदाराला घेऊन मी माधवगंजात पोचलो. मी सासऱ्यांचा गोरखीच्या शाळेतला जुना वर्गमित्र, असं ठरलं होतं. बाई डबी घेऊन पुढे घरी गेल्या होत्या, आणि निघण्याआधी त्यांनी सासऱ्यांना फोनवर दोनदा बजावलं होतं. सासऱ्यांनी दार उघडलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "या, या टीआय साहेब! आरामात बसा, आधी चहा पिऊन घ्या."

बेताचा पहिला भाग उंबऱ्यावरच संपला.

आत सोफ्यावरून एक भरदार गृहस्थ उठले आणि त्यांनी मला कार्ड दिलं. सोनेरी अक्षरांत कुठल्याशा समाज संघटनेचे प्रदेश उपाध्यक्ष, खाली आणखी तीन पदं. "मैं तो सुबह से काका को कह रहा हूँ साहब, दे दो डिबिया. लड़का घर आ जाएगा. पैसे का क्या है, पैसा फिर आ जाएगा."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "आधी सगळ्यांचे फोन टेबलावर ठेवा. नियम आहे." असा नियम नाही, पण पदाधिकाऱ्यांना नियमाबद्दल आदर असतो. जावईबापूंनी थोडा वेळ घेतला, पण फोन ठेवला.

"तुम्ही पाहिलीत ही डबी?"

"फोटो में देखी बस. अपन को इन चीज़ों का कुछ नहीं पता साहब. पिन-विन सब लड़के के पास."

"मग आपणच उघडून बघू. पंचनाम्यात आत काय आहे ते लिहावं लागतं. हे आमचे सायबर एक्सपर्ट."

हवालदाराची संगणकाशी ओळख फिर्यादी टाइप करण्यापुरती होती, पण चष्म्यामुळे तो एक्सपर्ट शोभायचा. त्याने डबी लॅपटॉपला जोडली. पडदा उजळला, पिन मागू लागला.

"मॅडम, पिन?"

"मला नाही माहीत," बाई म्हणाल्या. "त्यांनी कधी सांगितलाच नाही."

"माझी जन्मतारीख टाका," सासरे पुढे सरसावले. "मुलं वडिलांचीच ठेवतात."

हवालदाराने बटणं दाबत आकडे फिरवले. चुकला. सासऱ्यांचा चेहरा पडला. ते खऱ्याच भरवशाने बोलले होते.

"मग लग्नाची तारीख," हवालदार म्हणाला. ती घातली. पडद्यावर आलं: एकच संधी शिल्लक.

जावईबापूंचा पाय हलायला लागला. "अरे भैया, रहने दो ना. एक ही बचा है."

"आत काय आहे ते माहीत नाही, असं पंचनाम्यात लिहून कसं चालेल?" मी म्हणालो. "चालू दे रे."

हवालदाराला मी सांगून ठेवलं होतं, मध्ये थांबायचं नाही. माझ्याकडेही बघायचं नाही. थांबला असता तर नाटक उघडं पडलं असतं. न थांबता डबी कोरी झाली असती, तर संध्याकाळी त्या बाईंना मी काय तोंड दाखवणार होतो ते मला माहीत नव्हतं. त्यांनी खुर्चीची पाठ धरून ठेवली होती.

"चार," हवालदार पुटपुटला. बटण दाबलं. "मग दोन." पुन्हा दाबलं. "आता..."

"अबे चार से नहीं, सात से शुरू होता है! सब उड़ा दोगे क्या!"

हवालदाराचं बोट बटणावरच राहिलं.

आधी बोलले ते सासरे. "जावईबापू, तुम्हाला कसं ठाऊक? मलासुद्धा नाही सांगितलं त्याने." त्यांच्या आवाजात अजून संशय नव्हता, ते फक्त दुखावले होते.

"सातच आहे, सर," बाई म्हणाल्या.

मागच्या खोलीत उपाध्यक्ष म्हणाले की तो अंदाज होता. मग म्हणाले की स्वप्नात आला. आरडाओरडा करून अशी माणसं फुटत नाहीत, आरडाओरडा त्यांच्या रोजच्या धंद्याचा भाग असतो. मी त्यांचंच कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. "अटक झाली की एकाला कळवावं लागतं. संघटनेला कळवू की तुमच्या सासऱ्यांना?"

"ससुरजी को मत बताना साहब," ते म्हणाले, आणि सगळं सांगू लागले.

त्यांना संघटनेचं अधिवेशन भरवायचं होतं, हत्तीवरून मिरवणूक काढून. दोन भाडोत्री माणसं होती. दाल बाज़ारामागच्या एका गोदामात मुलगा होता. डोळे बांधले होते, पण पहिल्याच तासाला तो म्हणाला होता, "जीजाजी, आपण?"

"डबी मिळाल्यावर त्याचं काय करणार होतात?"

त्यांनी फरशीकडे पाहिलं. ते उत्तर मी जबाबात जसंच्या तसं घेतलं: आरोपी गप्प.

माझ्यासमोर, स्पीकरवर त्यांनी फोन केला. "मिल गई. ला रहा हूँ. लड़के को हाथ मत लगाना." बाजार भर गर्दीत होता. माझे पाच शिपाई अंगात बंडी, डोक्याला गमछा बांधून हातगाडीवर डाळीची पोती ढकलत गोदामापर्यंत गेले. दाल बाज़ारात पोतं वाहणाऱ्याकडे कोणी वळून बघत नाही, तो रस्त्यातून बाजूला व्हावा एवढीच सर्वांची इच्छा असते. आतल्या माणसाने "ए, इधर नहीं!" म्हणेपर्यंत दोन पोती दारात आडवी पडली होती, आणि दार पुन्हा लागू शकत नव्हतं.

मुलगा तुरीच्या थप्पीमागे होता. ओठ सुकलेले, उजव्या हाताची दोन बोटं मोडलेली. पाणी पिऊन झाल्यावर त्याने विचारलं, "तिने डबी दिली नाही ना?"

"दिली असती," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. जीपमध्ये बसल्यावर तो म्हणाला, "बाबांना सांगू नका ना, साहेब, की हे फोटोमुळे झालं."

आरोपपत्रात फोटोचा उल्लेख टाळता आला नाही. पण त्या दिवशी सासऱ्यांना मी एवढंच सांगितलं की जावयावर संशय गुप्त माहितीवरून आला. त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि माहिती कोणी दिली ते विचारलं. गुप्त आहे, म्हणालो. जुनी डबी मुद्देमालात जमा झाली होती, म्हणून मुलाने नंतर सागरहून पट्टी मागवून नवी डबी घेतली. कुठे ठेवली, ते मी विचारलं नाही.

दोन दिवसांनी वरिष्ठांनी पत्रकार परिषद घेतली. डबी मखमलीच्या कापडावर मांडली होती. डिजिटल युगातल्या गुन्हेगारीला आमच्या आधुनिक तंत्राने कसं उत्तर दिलं, यावर साहेब बराच वेळ बोलले. आधुनिक तंत्र मागच्या रांगेत उभं राहून चष्मा पुसत होतं.

मला त्या प्रकरणाने जे शिकवलं त्यात यंत्राचा भाग थोडा आहे. त्या मुलाने किल्ली आणि शब्द वेगळे ठेवले, पिन बायकोखेरीज कोणाला सांगितला नाही, शब्द दुसऱ्या गावी नेले. यंत्राकडून जेवढं होण्यासारखं होतं तेवढं त्याने करून घेतलं. पण माणसाला स्वतःचं गुपित सांभाळता येतं, घरच्यांचा अभिमान सांभाळता येत नाही. आपल्याकडे मुलाचं कौतुक घरात मावत नाही, आणि घर कुठे संपतं ते कोणी ठरवलेलं नसतं. चोर नेहमी त्या न आखलेल्या हद्दीवर उभा असतो, आणि बऱ्याचदा त्याला पाट मांडून बसवलेलं असतं. नात्याच्या आदरापुढे बुद्धी किती लवकर नमतं घेते, याचा मी पुढे बराच विचार केला, आणि वाटलं, इतक्या मोठ्या धक्क्यानंतर तरी त्या कुटुंबात काही बदललं असेल.

त्या दिवाळीला जावईबापूंच्या सासरहून तुरुंगात फराळाचा डबा आला. नियमाप्रमाणे पहाऱ्यावरच्या शिपायाने करंज्या फोडून तपासल्या. आत खोबरं होतं.