‘घरीच राह्यते’ म्हणणारं गाव

सालेकशाला उतरले तेव्हा फलाटापर्यंत मोहाचा गोडसर वास आला होता. नागपूरच्या एका संस्थेसाठी मी सर्वेक्षणाची फेरतपासणी करते. आधी कोणी विचारून गेलेल्या घरांत पुन्हा जायचं, तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं जुळतात का पाहायचं. जंगलाला लागून असलेल्या एका गावात मोहफुलं वेचणारं एकही माणूस नाही, असं पहिल्या फेरीत निघालं होतं. त्यामुळे फुलं वाळवायचं छप्पर त्या गावाला मिळणार नव्हतं. मला ते पटेना.

रिक्षावाल्यानं नाल्याशीच सोडलं. "आगे नहीं जाएगी, मॅडम." नाला ओलांडताना चपलेचा अंगठा तुटला. अनवाणीच पहिल्या घरी पोचले. अंगणभर मोहफुलं वाळत होती. घरधनी रामदासभाऊंनी खाट टाकली.

"तुमच्या घरच्या काय काम करतात?"

"काही नाही. घरीच राह्यते."

"मग ही फुलं?"

"तिनंच वेचली. पण थे काय काम होय का?"

पहिल्या फेरीत बायकांची उत्तरं अशी नवऱ्यांनीच दिली होती. मी रामदासभाऊंची चप्पल मागून घेतली आणि जंगलाची वाट धरली.

त्यांच्या पत्नी सुरेखाबाई मोहाखाली टोपली भरत होत्या. मी ठरलेला प्रश्न विचारला. "तुम्ही काय काम करता?"

"काम? काही नाही ना बाई. घरचंच." हात वेचतच होते.

मीही खाली बसून वेचू लागले. "बरं, आज उठल्यापासून काय केलं?"

"अंधारातच आली इकडं. फुलं वेचून राहिली. मंग वाळू घालीन. पुढं तेंदूपत्ता, मंग रोवणा (भाताची लावणी), मंग कापणी." त्या थबकल्या, हसल्या. "लय होते नाही का वं!"

उंचवट्यावर चढून संस्थेतल्या साहेबांना फोन लावला. "प्रश्न बदलू नका," ते म्हणाले, "तुलना बिघडेल." त्यांचं खरं होतं. म्हणून मी ठरवलं, आधी जुना प्रश्न जसाच्या तसा, मग माझा, उत्तरं वेगवेगळी लिहायची. परतीची गाडी सोडून दिली. सुरेखाबाईंकडे भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण जेवले, तिथंच झोपले.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरी बाई परतेपर्यंत थांबले. एक सासरे चिडले. "बाईले कायले विचारता? मी सांगतो ना!"

"तुमचं सांगून झालं, काका. आता त्यांचं ऐकते." सून येईपर्यंत मी उन्हात बसून राहिले.

परतीच्या गाडीत वाटत राहिलं, खोटं तर कोणीच बोललं नव्हतं. हातात मजुरी पडते तेवढंच काम, असं त्या गावानं मानलं होतं, आणि बायकांनीही.

साहेबांनी दोन्ही उत्तरं शेजारीशेजारी ठेवून वाचली आणि वर पाठवली. पावसाच्या तोंडावर सुरेखाबाईंचा फोन आला.

"बाई, छपराच्या टिना येऊन पडल्या! पलीकडच्या गावातल्या बायाईलेबी कोणी विचारलं नाही. तिकडं कधी जाता?"

"उद्याच निघतेय," मी म्हणाले.