सणाची म्हातारी

ज्याचे आभार मी कधी बोलून मानले नाहीत, तो माणूस थंडीत झाडीपट्टीच्या नाटकांत नटांचे चेहरे रंगवायचा आणि उन्हाळ्यात चामोर्शीत जुनं फर्निचर. वर्षानुवर्षं गावात एकटी ठेवलेली आई मी अखेर घरी आणली होती. पण तिच्यासोबत आलेल्या जुन्या निळ्या पलंगाची मला लाज वाटायची.

“ओळखूच येऊ नये असा रंगवा,” मी म्हणालो.

तळहातावर रंग कालवत तो हसला. “म्हातारीले नवरी काऊन बनवता, भाऊ? सणाची म्हातारी करू!” आणि त्याने तोच निळा जुळवला.

आल्यापासून आई पाहुण्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसायची. पलंग रंगवून परत आला त्या दुपारी तिने त्यावर हात फिरवला, ऐसपैस पाय पसरले.

“माहाच हाय,” ती म्हणाली. “तू काऊन उभा? बस ना.”