पेंडसेसाहेबांबरोबर तपासणीला

विजेच्या तपासणी खात्यात ज्याने नोकरी केली, त्याच्याकडे दोन गोष्टी साठतात. कोटाच्या खिशात फ्यूजच्या तारेचे तुकडे, आणि किस्से! तारेचे तुकडे बायको धोब्याला कपडे देताना काढून टाकते. किस्से कोणी काढत नाही, आणि रिपोर्टात ते मावत नाहीत. रिपोर्टात आपण लिहितो, "अर्थिंग सदोष, सबब दुरुस्त करावे." ते अर्थिंग कुठे सापडलं आणि ते पाहून साहेब कसे मटकन खाली बसले, हे कागदाबाहेरच राहतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे काही वर्षं लोणावळा, खंडाळा आणि मावळचा बराचसा भाग आमच्याकडे होता. आमच्याकडे म्हणजे पेंडसेसाहेब इन्स्पेक्टर आणि मी त्यांचा असिस्टंट. साहेब उंच, काटकुळे, बोलायला तुटक. लोकांना वाटायचं, हा माणूस हसत नाही. हसायचे, पण बंगल्याचं फाटक ओलांडून रस्त्याला लागल्यावर.

*

तर ते अर्थिंग. खंडाळ्याला मुंबईच्या एका वकिलांचा बंगला होता. तिथे विजेचा बंब नवीनच बसवलेला. आम्ही न्हाणीघरात उभे होतो, तेवढ्यात स्वयंपाकाच्या सोनामावशी खटखट खडावा वाजवत आल्या, बंबाची तोटी सोडली, बादली भरली आणि तशाच खटखट करत निघाल्या.

साहेबांनी थांबवलं. "मावशी, खडावा कशासाठी?"

"बंब चावतोय न्हवं का! पाय उघडा आसला की चावतोय, खडावा घातल्या की गप ऱ्हातोय."

"हे कोणी शिकवलं तुम्हाला?"

"शिकवतंय कोन? दोनदा चावल्यावर आपलं आपल्याला कळतंय!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी बंबाची अर्थिंगची तार धरून तिच्यामागे निघालो. तार खिडकीतून बाहेर गेली, भिंतीवरून वर चढली, गच्चीवर आली आणि एका क्रोटनच्या कुंडीत शिरली. तिथेच संपली!

कंत्राटदाराला बोलावणं धाडलं. तो जराही गडबडला नाही. "साहेब, तार मातीत पुरायची ना? पुरलीय. शिवाय माळी रोज पाणी घालतो, ओल कायम!"

साहेब गच्चीच्या कठड्यावर मटकन बसले. बंब तिथल्या तिथे बंद करवला. दोन दिवसांनी खाली अंगणात खड्डा खणून, कोळसा-मीठ भरून नीट अर्थिंग झालं, तेव्हा पुन्हा गेलो. सोनामावशी अनवाणी आल्या. एक बोट लावून पाहिलं, मग पंजा ठेवला, आणि म्हणाल्या, "दात काडलं जनू ह्याचं!"

*

वलवणला आम्ही नव्या लाइनीचे खांब पाहायला गेलो होतो. प्रत्येक खांबावर कवटी आणि हाडं काढलेली लाल पाटी, खाली ठळक 'धोका'. एका खांबाला म्हैस बांधलेली. खांबाला म्हैस म्हणजे आमच्या दृष्टीने फारच गंभीर बाब.

मालक शेजारीच बांधावर बसलेले. साहेब तडक त्यांच्याकडे गेले. "आबा, पाटी दिसत नाही का?"

"दिसती की."

"वाचता येतं?"

"व्हय. धोका लिवलंय."

"मग म्हैस बांधली कशाला?"

आबांनी साहेबांकडे दयेने पाहिलं. "धोका लिवलंय म्हून तर बांधली! चोर जवळ यीत न्हाई!"

म्हैस सोडवायला आम्हाला अर्धा तास समजूत घालावी लागली. शेवटी आबा तयार झाले, पण एका अटीवर. तसलीच एक पाटी गोठ्याला हवी!

*

लोणावळ्याच्या बाजारातल्या पिठाच्या गिरणीचा किस्सा छोटा आहे. तिथला फ्यूज सारखा उडतो अशी तक्रार आली होती. आम्ही पोचायला आठवडा लागला. तोवर गिरणीवाले भाऊ खुशीत होते.

"साहेब, तुमी कशाला तसदी घेतली? आता एकदा बी जात न्हाई!"

झाकण काढलं. फ्यूजच्या तारेच्या जागी चांगला बोटभर लांब खिळा!

साहेबांनी भाऊंचा हात धरला, गिरणीच्या मोटारीकडे नेलं आणि मोटारीपासून वीतभर अंतरावर तो नुसता धरायला लावला. भाऊंनी हात मागे घेतला. आच लागत होती. मोटारीच्या पलीकडे भिंतीशी पोत्यांची थप्पी, वर लाकडी माळा, माळ्यावर भाऊंचं बिऱ्हाड. लेकरांचे आवाज खाली येत होते.

भाऊंनी स्वतःच मेन स्विच खाली ओढला. म्हणाले, "उडत हुता, तेच बरं हुतं की!"

*

आता जरा वेगळी गोष्ट. वडगावला दोघा भावांचं विजेच्या कामाचं दुकान होतं. लायसन्स थोरल्या दत्तोबाच्या नावावर. परीक्षा पास झालेला तोच. प्रत्येक कामाच्या कागदावर त्याची सही यायची, पण दत्तोबा काही दिसायचा नाही.

"गावाला गेलेत," धाकटा विष्णू सांगायचा.

दुसऱ्या खेपेला, "आजारी आहेत."

तिसऱ्या खेपेला, "आत्ताच सोमाटण्याला गेले बघा."

साहेब म्हणाले, "आम्ही सोमाटण्याहूनच येतोय."

तेवढ्यात आतून त्यांची आई पाण्याचे तांबे घेऊन आली. म्हातारीला आमच्या बोलण्याचा रोख ठाऊक नव्हता. "कुनाला इचारताय, दत्तूला? दत्तू जाऊन वरीस झालं, बाबा."

विष्णूने मान खाली घातली. एका मेलेल्या माणसाची सही वर्षभर केली होती त्याने! लायसन्स जाणार, खटला होणार, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. म्हातारी पाण्याचे तांबे धरून तशीच उभी.

साहेब पाणी प्यायले. मग म्हणाले, "शेवटचं काम कुठे केलंत? दाखवा."

शाळेच्या इमारतीचं काम होतं. साहेब दोन तास त्या शाळेत फिरले. बोर्ड उघडले, मेगरचं यंत्र लावून तारांतून वीज गळत नाही ना ते तपासलं, अर्थिंगचा खड्डासुद्धा उकरून पाहिला. मी प्रत्येक खोलीत चूक शोधत होतो. एकही सापडेना. विष्णू मागून येत होता.

बाहेर आल्यावर साहेब म्हणाले, "मेलेल्या माणसाने इतकं चांगलं काम केलेलं मी प्रथमच पाहतोय. आता जिवंत माणसाला परीक्षेला बसायला सांगा. तोवर एकाही कागदावर सही नको!"

विष्णू पहिल्या झटक्यात पास झाला. नव्या लायसन्सचा कागद घ्यायला आला, तो आईला घेऊन. म्हातारीने कागद उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "ह्यावर ह्याचंच नाव हाय न्हवं?"

*

लोणावळ्यात इस्माईलभाई नावाचे एक कंत्राटदार होते. आमच्या भागातला सगळ्यात नेटका माणूस. त्यांच्या कामाला साहेब पाचच मिनिटं द्यायचे, आणि त्यातली चार चहाला.

एका व्यापाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला साहेब, मी आणि इस्माईलभाई, तिघेही पाहुणे म्हणून गेलो होतो. गोरज मुहूर्त. पत्र्याचा मांडव, लोखंडी खांब, दिव्यांच्या माळा. काम कुठल्याशा बिनलायसन्सच्या माणसाकडून करून घेतलेलं. साहेब वर पाहत उभे राहिले. तार पत्र्याच्या धारेवरून वाकवून नेली होती.

"इस्माईलभाई, टेस्ट लॅम्प आहे?"

"सायकलला पिशवी हाय, साहेब."

लग्नाला टेस्ट लॅम्प घेऊन येणारा माणूस तो! त्यांनी त्या दिव्याची एक तार खांबाला लावली, दुसरी बाहेरच्या नळाला. दिवा लागला. म्हणजे मांडवाच्या खांबात वीज उतरलेली! जवळच नवरीची मावशी त्या खांबाला टेकायच्या बेतात होती. पाणी शिंपडायला घागर घेऊन एक बाई नुकतीच आत येत होती. खाली अजून कोरडी सतरंजी होती, म्हणून सगळे शाबूत.

साहेबांना एवढ्या मोठ्याने ओरडलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "कोणी खांबाला हात लावू नका! पाणी बाहेर!"

इस्माईलभाईंनी पळत जाऊन मेन स्विच बंद केला. सगळा मांडव विझला. नवरीचे वडील धावत आले. "अहो, मुहूर्त टळेल! अंधारात लग्न लावू का?"

"बत्त्या मागवा," साहेब म्हणाले.

बत्त्या आल्या. इस्माईलभाईंनी चांगला कोट काढून ठेवला, शिडीवर चढून तार सोडवली, पुन्हा बांधली, खांब एकेक करून तपासले. अक्षता पडल्या त्या बत्तीच्या उजेडात, आणि पंगत बसली ती विजेच्या.

जेवणं झाल्यावर वडील हात जोडून साहेबांसमोर उभे. घाबरगुंडी अजून उतरली नव्हती. "साहेब, एकदा तोंडाने सांगा. आता काही काळजी नाही ना?"

साहेब म्हणाले, "मांडवाची काळजी नको. जावयाची तपासणी आमच्या खात्याकडे येत नाही!"

*

वायरमनच्या परवान्यासाठी तोंडी परीक्षा साहेब डाकबंगल्यात घेत. एकदा सखाराम नावाचा वायरमन आला. तिशीचा, अंगाने भक्कम. एका कंत्राटदाराकडे सात-आठ वर्षं काम केलेला. हातात कसब होतं, पण साहेबांसमोर खुर्चीत बसवला आणि त्याची वाचाच गेली. पहिला प्रश्न, गप्प. दुसरा, गप्प. तिसऱ्याला घाम पुसायला लागला. साहेबांनी पाणी दिलं, थांबले, पुन्हा विचारलं. नुसताच छताकडे बघतोय! शेवटी साहेबांनी कागदावर 'नापास' लिहिलं. त्यांनाही बरं वाटलं नसावं, कारण ते लिहिताना टाक दोनदा दौतीत बुडवला.

दुपारी खंडाळ्याच्या एका हॉटेलमागचा पाण्याचा पंप तपासायचा होता. ते काम सखारामच्या मालकाचं, म्हणून सखारामही आमच्याबरोबर आला.

पंपाजवळ जमीन ओली होती. साहेबांनी नुकतेच हात धुतलेले. हॉटेलचे मॅनेजर हुज्जत घालत होते, की पंप चालतोय ना, मग तपासायचं काय त्यात? साहेब त्यांना समजावत होते, "अहो, ही मोटारीची लोखंडी चौकट आहे ना, ही..." आणि बोलण्याच्या भरात त्यांचा हात चौकटीवर पडला.

वाक्य अर्धंच राहिलं. साहेबांचं तोंड उघडं, बोटं चौकटीला आवळलेली, सगळं अंग थरथरतंय, आवाज नाही. मॅनेजर मागे सरकले. आणि मी? मी, ज्याने तीन वर्षं गावोगाव फिरून लोकांना हेच शिकवलं, की शॉक लागला तर काय करायचं, तो मी नुसता उभा! पाय हलेनात. आजही आठवलं की लाज वाटते.

माझ्या बाजूने काहीतरी गेलं. सखाराम! त्याने पळतच येऊन साहेबांच्या खांद्यावर अशी लाथ हाणली, की साहेब चौकटीपासून सुटून चार हात लांब पडले. मग त्याने स्विच ओढला. मग साहेबांजवळ गुडघ्यावर बसला, त्यांना पालथं केलं आणि श्वास परत यावा म्हणून पाठीवर दाब देत राहिला. दाब, सोड. दाब, सोड. किती वेळ, मला सांगता यायचं नाही.

साहेब खोकले. मी खाली बसलो आणि रडायला लागलो.

थोड्या वेळाने त्यांना सतरंजीवर निजवलं, घोट घोट पाणी पाजलं. रंग परत आला. साहेबांनी डोळे उघडले, सखारामला शोधलं आणि बारीक आवाजात विचारलं,

"मला सोडवलंस कसं?"

"लाथ मारली, साहेब."

"कुठल्या पायाने?"

"उजव्या."

"पायात काय होतं?"

"बूट. रबराच्या तळाचा. भावाचा हाय, परीक्षेसाठी मागून आनलाय."

"कोरडा होता?"

"व्हय. आधी बघितला."

साहेबांनी डोळे मिटले.

"पास," ते म्हणाले.