पहाटेची भट्टी

लाँड्रीतल्या बॉयलरवाल्याला सगळे ‘फुंकणी’ म्हणत. अंगाने तसाच काटकुळा, आणि रागावला तरी नुसता फुसफुसणारा. लाँड्रीच्या भिंतीला लागून त्याची खोली, तीही मालकाचीच. कामाशेजारी घर मिळालं म्हणून नवरा-बायको एके काळी किती हरखली होती! आता बायको त्याच खोलीत दम्याने खंगत चालली होती.

भट्टी पेटवताना पहिला तासभर काळाकुट्ट धूर निघतो. म्हणून थंडी पडली की फुंकणी आपणहून पहाटेच कामावर जाई. बायको उठायच्या आत धूर निघून जावा, एवढाच त्याचा हेतू. मालकालाही ते पथ्यावर पडलं. चादरी सकाळीच तयार होतात म्हटल्यावर त्याने एक मोठं हॉटेल धरलं.

बायकोचा दमा मात्र दर थंडीत वाढत गेला. शेवटी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी उलगडून सांगितलं. थंडीत पहाटे वारा पडलेला असतो. जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार, त्यामुळे पातेल्यावर झाकण ठेवावं तसा धूर खालीच कोंडतो. ऊन चढून जमीन तापली की मग कुठे तो वर जातो. करायला गेला एक अन् झालं भलतंच.

तो तडक मालकाकडे गेला, ऊन चढल्यावर भट्टी पेटवू द्या म्हणाला. मालक काही दुष्ट नव्हता. त्याने चहा पाजला आणि सांगितलं, हॉटेलला आता सकाळच्याच चादरींची सवय लागलीय. तुला जमत नसेल तर दुसरा पेटवील. म्हणजे नोकरीबरोबर खोलीही गेली, आणि आजारी बायकोला घेऊन थंडीत उघड्यावर यायचं.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती उशीला टेकून बसली होती.

“मला केव्हाच कळलं होतं,” ती म्हणाली. “तुमच्या सुट्टीच्या दिवशी भट्टी बंद असते, तेव्हा मला सकाळपर्यंत झोप लागते.”

“मग बोलली का नाहीस?”

“माझ्यासाठी एवढ्या थंडीत उठत होता तुम्ही. कुठल्या तोंडाने बोलणार?”

त्याला रडू कोसळलं. तिला त्याची समजूत घालायची होती, पण तेवढा श्वास पुरला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे झाडाचं पान हलत नव्हतं. फुंकणी उठून बसून राहिला. तिने खिडकीच्या फटीत ओला टॉवेल कोंबला आणि ती म्हणाली, “जा आता, उशीर होईल.” तो गेला आणि त्याने भट्टी पेटवली.